एका व्यापाऱ्याच्या स्क्रीनवर दुसऱ्याची बिलं: टेनंटनिहाय स्कीमा असलेल्या पोस्टग्रेसमध्ये काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

रावेर-सावद्याचे केळी व्यापारी, धरणगावच्या जिनिंग, नंदुरबार-दोंडाईच्याचे मिरची व्यापारी, जळगावच्या डाळमिल. हिशोबाचं एकच वेब अ‍ॅप हे सगळे वापरतात, डेटाबेसही एकच (पोस्टग्रेस), फक्त प्रत्येक ग्राहकाचा, म्हणजे ‘टेनंट’चा, स्कीमा (टेबलांचा कप्पा) वेगळा. मांडणी चांगली आहे. टेबलांची नावं सगळीकडे तीच राहतात आणि एकाच ग्राहकाचा बॅकअप वेगळा काढता येतो. पण तिच्यात एक दोष पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो: कधीतरी एकाचा डेटा दुसऱ्याला दिसतो, किंवा समोर असलेलं टेबल ‘नाही’ म्हणून एरर येते. शेजारच्या गावातल्या प्रतिस्पर्ध्याचा भाव आपल्या ग्राहकाला दिसला की विश्वास गेला, म्हणून हा दोष हलक्यात घेऊ नये.

इथल्या सगळ्या आज्ञा आणि एरर उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर त्या नेहमीच्या लिपीतच टाकायच्या.

लक्षणं

लक्षण नीट ओळखलं तर अर्धी शोधाशोध वाचते. तक्रार आली की आधी विचारायचं: हे कधीकधी होतं की दर वेळी?

कधीकधी होत असेल, गर्दीच्या वेळी जास्त होत असेल आणि पान रिफ्रेश केल्यावर बरोबर दिसत असेल, तर संशय कनेक्शन पूल (पुन्हा पुन्हा वापरायला उघडी ठेवलेली डेटाबेस कनेक्शनं), कॅश (तयार उत्तरांचा तात्पुरता साठा) किंवा कोडमधल्या टेनंट-संदर्भावर (आत्ता कोणत्या ग्राहकाचं काम चालू आहे याची खूण). दर वेळी आणि एकाच रिपोर्टमध्ये होत असेल, तर स्कीमाच्या आतली एखादी वस्तू, म्हणजे व्ह्यू (साठवलेली क्वेरी), फंक्शन किंवा फॉरेन की (एका टेबलाला दुसऱ्याशी जोडणारा दुवा), दुसरीकडे बोट दाखवतेय.

नवा ग्राहक नोंदी करतो, ‘सेव्ह झालं’ असं येतं, आणि नंतर त्या सापडत नाहीत: नोंदी बहुधा पब्लिक या सामाईक स्कीमात पडल्या आहेत. बिल नंबर १०४ वरून थेट १०९ वर गेला: दोन ग्राहक एकच सीक्वेन्स (पुढचा नंबर देणारा काउंटर) वापरत असण्याची शक्यता आहे. ‘रिलेशन डज नॉट एक्झिस्ट’ (टेबल नाही) सगळ्या ग्राहकांना येत असेल तर सर्च पाथ (टेबल कोणत्या स्कीमांत आणि कोणत्या क्रमाने शोधायचं ती यादी) बघा, एकालाच येत असेल तर त्याचं मायग्रेशन (टेबलांच्या रचनेतला बदल) राहिलेलं असू शकतं. ‘कॅश्ड प्लॅन मस्ट नॉट चेंज रिझल्ट टाइप’ ही एरर आली तर त्याच नावाच्या टेबलाचे कॉलम दोन स्कीमांत वेगळे आहेत, किंवा चालू कनेक्शन असतानाच कॉलम बदलला आहे. रात्रीचा मेसेज भलत्याच माणसाला गेला तर बॅकग्राउंड जॉबकडे चला.

आधी एक पथ्य

तक्रार येताच सर्व्हर रीस्टार्ट करू नका. रीस्टार्टने पूलमधली सगळी कनेक्शनं नवी होतात, दोष तात्पुरता गायब होतो आणि पुरावाही जातो. चार दिवसांनी तोच फोन परत येतो. त्याऐवजी नेमकी वेळ, यूआरएल, लॉगिन कोणाचं आणि दिसलेला डेटा कोणाचा, हे लिहून घ्या आणि अ‍ॅपचा व पोस्टग्रेसचा लॉग बाजूला कॉपी करून ठेवा. गळती चालूच असेल तर अ‍ॅप ‘देखभाल चालू’ पानावर टाका, पण डेटाबेस तसाच राहू द्या.

पत्ता, कुकी आणि एनजिनएक्स

इथे पैसा लागत नाही, पाच मिनिटं लागतात. सबडोमेनवरून टेनंट ओळखत असाल तर एनजिनएक्समध्ये (अ‍ॅपच्या पुढे उभ्या वेब सर्व्हरमध्ये) होस्ट हेडर (ब्राउझरने मागितलेला पत्ता) पुढे पाठवला जातोय का बघा. तो स्पष्ट लिहिला नाही तर एनजिनएक्स मूळ होस्टऐवजी प्रॉक्सीच्या पलीकडच्या सर्व्हरचं नाव पाठवतो. मग अ‍ॅपला सगळे ग्राहक सारखेच दिसतात, आणि कोडमध्ये ‘टेनंट सापडला नाही तर पहिला घ्या’ अशी ओळ असेल तर सगळे पहिल्याच्या घरात शिरतात. ती ओळ आजच काढा. टेनंट ओळखता आला नाही तर ४०४ द्यायचा.

एनजिनएक्सची कॅश चालू असेल तर प्रॉक्सी कॅश कीसुद्धा बघा. तिचं मूळ रूप स्कीम, प्रॉक्सी होस्ट आणि रिक्वेस्ट यूआरआय एवढ्यावरच बनतं, ग्राहकाचं सबडोमेन तिच्यात येत नाही. म्हणजे दोन ग्राहकांचं ‘रिपोर्ट्स/आज’ हे पान एकाच कीखाली साठतं. कीमध्ये होस्ट घाला, आणि लॉगिननंतरची पानं तर कॅशच करू नका.

कुकीचं डोमेन मुख्य डोमेनवर ठेवलेलं असेल तर एका ग्राहकाचं सेशन दुसऱ्याच्या सबडोमेनवरही चालतं. सेशनमध्ये फक्त ‘युजर ७’ लिहिलेलं असेल तर दुसऱ्या स्कीमातला ७ नंबरचा माणूस लॉगिन झालेला दिसतो. कुकी सबडोमेनपुरती ठेवा, सेशनमध्ये टेनंटचा क्रमांकही ठेवा, आणि दोन्ही दर रिक्वेस्टला ताडून बघा.

रेडिसची कॅश

रेडिस म्हणजे कॅशसाठी वापरलेला मेमरीतला साठा. डेटाबेस बरोबर आणि स्क्रीन चूक, अशा वेळी पहिला संशय इथे. ‘डॅशबोर्ड:आज’ अशी की दिसली तर दोष सापडला. प्रत्येक कीची सुरुवात टेनंटच्या क्रमांकाने व्हायला हवी, आणि ती प्रोग्रामरच्या आठवणीवर न सोडता कॅशच्या एकाच सामाईक फंक्शनमध्ये लावायची. कीज तपासताना चालू सर्व्हरवर ‘कीज’ आज्ञा देऊ नका, ती रेडिसला अडवून धरते. ‘स्कॅन’ वापरा. ‘फ्लशऑल’ही नको, कारण सेशन त्याच रेडिसमध्ये असतील तर सगळे ग्राहक बाहेर पडतील.

कनेक्शनलाच विचारा

चुकीचं पान देणाऱ्या रिक्वेस्टच्या आत, त्याच कनेक्शनवर, चार गोष्टी लॉगमध्ये लिहा: ‘शो सर्च_पाथ’, ‘करंट_स्कीमा()’, ‘करंट_स्कीमाज(ट्रू)’ आणि ‘पीजी_बॅकएंड_पीआयडी()’. वेगळी टर्मिनल विंडो उघडून विचारण्यात अर्थ नाही, ते कनेक्शनच वेगळं असतं.

इथलं मर्म असं. सर्च पाथमध्ये अस्तित्वात नसलेल्या स्कीमाचं नाव दिलं तर पोस्टग्रेस तक्रार करत नाही. ते नाव गुपचूप वगळतो आणि पुढच्या स्कीमात शोधतो. स्कीमा आहे पण त्यावर ‘यूसेज’ परवानगी नाही, तेव्हाही तसंच. सर्च पाथ ‘टेनंट, पब्लिक’ असा असेल आणि पब्लिकमध्ये त्याच नावाची टेबलं पडून असतील, तर नोंदी तिथे जातात आणि कोणालाही एरर दिसत नाही. ‘शो सर्च_पाथ’ तुम्ही दिलेलं चुकीचं नावही तसंच छापून दाखवतो, ‘करंट_स्कीमाज’ मात्र खरोखर सापडलेले स्कीमाच देतो. दोन्हींत फरक दिसला की कारण मिळालं.

नावं चुकतात कशी? अवतरणचिन्हाशिवाय दिलेलं नाव पोस्टग्रेस छोट्या इंग्रजी अक्षरांत करतो, त्यामुळे मोठ्या अक्षरांनी तयार केलेला स्कीमा नंतर सापडत नाही. हायफन असलेलं नाव अवतरणाशिवाय चालत नाही. शिवाय नावाला ६३ बाइटांची मर्यादा आहे, आणि देवनागरीत प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वार धरून, ३ बाइट घेतं. ‘कृषी सेवा केंद्र’ एवढ्यातच ४४ बाइट जातात. मर्यादेपुढचा नावाचा भाग पोस्टग्रेस फक्त एक सूचना देऊन छाटतो. दोन लांब नावांचे पहिले ६३ बाइट सारखे निघाले आणि स्क्रिप्टमध्ये ‘क्रिएट स्कीमा इफ नॉट एक्झिस्ट्स’ असेल, तर दोन ग्राहक एकाच स्कीमात राहायला लागतात. म्हणून स्कीमाला दुकानाचं किंवा गावाचं नाव देऊच नये. सावदा, चोपडा, यावल यांची इंग्रजी स्पेलिंगं माणसागणिक बदलतात. ‘टी_००४२’ असं क्रमांकाचं नाव ठेवा आणि दुकानाचं नाव पब्लिकमधल्या टेनंट टेबलात लिहा.

तयारच असलेली टेबलं पब्लिकमध्ये सापडली तर लगेच डिलीट करू नका. आधी त्यांत कोणाच्या नोंदी पडल्यात ते बघायचं. पोस्टग्रेस १५ पासून नव्या डेटाबेसमध्ये मालकाखेरीज साध्या युजरला पब्लिकमध्ये टेबल तयार करता येत नाही, पण जुन्या आवृत्तीतून वर आणलेल्या डेटाबेसला ती जुनी परवानगी चिकटून येते. ती ‘रिव्होक’ने काढा. एक्स्टेंशनं (पोस्टग्रेसला जोडलेल्या जादा सोयी) मात्र हरवू देऊ नका: पीजी_टीआरजीएमसारखं एक्स्टेंशन पब्लिकमध्ये असेल आणि तुम्ही पब्लिक सर्च पाथमधून काढलं, तर नावाने शोधणं बंद पडेल. एक्स्टेंशनांसाठी वेगळा स्कीमा करून तो पाथच्या शेवटी ठेवावा.

पूल: बहुतेक वेळा दोष इथेच निघतो

‘सेट सर्च_पाथ’ ही आज्ञा कनेक्शन बंद होईपर्यंत लागू राहते. पण पूलमध्ये कनेक्शन बंद होत नाही, पुढच्या रिक्वेस्टला दिलं जातं. वे-ब्रिजवर मागच्या ट्रकचं वजन शून्य न करता पुढचा ट्रक चढवावा, तसं हे आहे. आकडा येतो, छापलाही जातो, आणि तो चूक असतो.

‘रिक्वेस्ट संपली की आम्ही रीसेट करतो’ हे उत्तर पुरेसं नाही. टाइमआउट झाला, वर्कर मध्येच मारला गेला, तर ती रीसेटची ओळ चालतच नाही. टेनंट कनेक्शन परत करताना पुसायचा नसतो, हातात घेताना लावायचा असतो. दर वेळी, विनाअपवाद.

त्याचा खात्रीचा मार्ग ‘सेट लोकल’. ती ट्रान्झॅक्शनपुरती (एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या आज्ञांच्या गटापुरती) असते, कमिट (पक्कं) किंवा रोलबॅक (रद्द) झालं की आपोआप उतरते. ट्रान्झॅक्शनच्या बाहेर दिली तर फक्त वॉर्निंग येते आणि परिणाम शून्य. ऑटोकमिट चालू ठेवून ‘सेट लोकल’ लिहिणाऱ्यांची फसगत इथेच होते. आज्ञेत टेनंटचं नाव स्ट्रिंग जोडून घालू नका, ‘सिलेक्ट सेट_कॉन्फिग’ हे फंक्शन पॅरामीटर घेतं आणि तिसरी किंमत ‘ट्रू’ दिली की ‘सेट लोकल’चंच काम करतं.

एक कारण सहज नजरेतून सुटतं. ट्रान्झॅक्शनच्या आत साधा ‘सेट’ दिला आणि काहीतरी चुकून रोलबॅक झाला, तर सर्च पाथही आधीच्या किमतीवर जातो, म्हणजे आधीच्या ग्राहकावर. कोडने त्याच कनेक्शनवर पुन्हा प्रयत्न केला आणि टेनंट पुन्हा लावला नाही, तर नोंद शेजाऱ्याच्या वहीत. ‘फक्त एरर आल्यानंतर होतं’ असं कोणी सांगितलं तर हेच शोधा.

पीजीबाउन्सर (अ‍ॅप आणि पोस्टग्रेसच्या मध्ये बसणारा पूल) असेल तर पूल मोड, म्हणजे कनेक्शन कधी दुसऱ्याला द्यायचं ती सेटिंग, बघा. ट्रान्झॅक्शन मोडमध्ये प्रत्येक ट्रान्झॅक्शननंतर सर्व्हर कनेक्शन दुसऱ्याला जाऊ शकतं, त्यामुळे साधा ‘सेट’ तिथे चालणारच नाही. ‘डिस्कार्ड ऑल’ आपोआप चालेल या भरवशावरही राहू नका, ती रीसेट क्वेरी मुळात सेशन मोडसाठी आहे. सेशन मोडवर गेलं तर गळती थांबेल, पण पूलिंगचा बराच फायदा जाईल. तोडगा म्हणून आठवडाभर चालेल, कायमचा उपाय ‘सेट लोकल’च.

डेटाबेसच्या अलीकडे, कोडमध्येही हाच दोष असतो. टेनंट ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवला तर दोन समांतर रिक्वेस्ट एकमेकींचं नाव पुसतात. जावात थ्रेडलोकल वापरत असाल तर तो ‘फायनली’मध्ये साफ करा, कारण थ्रेडही पूलमधलेच असतात. पायथनच्या असिंक कोडमध्ये कॉन्टेक्स्टव्हार, नोडमध्ये असिंकलोकलस्टोरेज.

शंका खरी की खोटी हे चाचणी सर्व्हरवर ठरवता येतं. पूलचा आकार २ करा. दोन टेनंट घ्या, प्रत्येकात ओळखू येईल अशी एक नोंद ठेवा. दोघांवर एकदम वीस-वीस समांतर रिक्वेस्ट सोडा, प्रत्येकी हजारभर होऊ द्या, आणि त्यांतल्या काही मुद्दाम एरर देणाऱ्या व काही उशीर लावणाऱ्या ठेवा. प्रत्येक उत्तरात स्वतःचीच खूण आहे का हे स्क्रिप्टने तपासा. मोठ्या पूलवर जे महिन्यात एकदा दिसतं, ते दोन कनेक्शनांवर बहुधा काही मिनिटांत दिसतं. दुरुस्तीनंतर हीच चाचणी दर रिलीजच्या आधी चालवा.

रात्रीचे जॉब

रांगेत टाकलेल्या प्रत्येक कामात टेनंटचा क्रमांक असलाच पाहिजे. नुसतं ‘बिल ५१२ ची पीडीएफ पाठव’ म्हटलं तर बिल ५१२ प्रत्येक स्कीमात असतं. क्रमांक नसलेलं काम वर्करने नाकारावं. सगळ्या ग्राहकांवरून फिरणाऱ्या क्रॉन स्क्रिप्टमध्ये एका ग्राहकाला एरर आली की लूप पुढे सरकतो, पण टेनंट मागचाच राहतो, हेही बघा.

स्कीमाच्या आत

इथून पुढे डेटाबेसची जाण हवी.

नवा ग्राहक नमुना स्कीमावरून ‘क्रिएट टेबल लाइक इन्क्लुडिंग ऑल’ने बनवत असाल तर दोन गोष्टी घडतात. फॉरेन की येत नाहीत. आणि ‘सीरियल’ कॉलमचा डिफॉल्ट नमुन्याच्याच सीक्वेन्सकडे बघत राहतो, म्हणजे सगळे ग्राहक एकाच मशीनमधून नंबर घेतात. ‘आयडेंटिटी’ कॉलमला हा त्रास नाही, त्याला नवा सीक्वेन्स मिळतो. तपासताना सर्च पाथ रिकामा करा आणि मग सगळ्या कॉलमांचे ‘नेक्स्टव्हॅल’ डिफॉल्ट काढा. पाथ रिकामा असला की पोस्टग्रेस स्कीमाचं नाव लावून छापतो, नाहीतर चूक दिसतच नाही. दुरुस्तीचा क्रम: टेनंटच्या स्कीमात नवा सीक्वेन्स, ‘सेटव्हॅल’ने तो सर्वांत मोठ्या आयडीवर आणणं, मग डिफॉल्ट बदलणं, शेवटी ‘ओन्ड बाय’.

पण बिल नंबर सीक्वेन्सवरून देऊच नये. रोलबॅक झालेला नंबर सीक्वेन्स परत घेत नाही, त्यामुळे खंड पडणारच. जीएसटीच्या नियम ४६ नुसार बिलाचा क्रमांक सलग, जास्तीत जास्त १६ अक्षरांचा आणि आर्थिक वर्षात एकमेव हवा. त्यासाठी वर्ष आणि शेवटचा नंबर असं छोटं टेबल ठेवून बिलाच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये त्याची ओळ ‘फॉर अपडेट’ने धरायची.

व्ह्यू तयार होतानाच टेबलांना कायमचा बांधला जातो, नंतर सर्च पाथ बदलून तो हलत नाही. चुकीच्या पाथवर बनलेला व्ह्यू रोज, न चुकता, दुसऱ्याचाच डेटा देईल. पीएल/पीजीएसक्यूएल फंक्शन उलट वागतं: आतली नावं चालवतानाच्या पाथवर शोधतं. पुन्हा सर्च पाथ रिकामा ठेवून ‘पीजी_गेट_व्ह्यूडेफ’ने प्रत्येक व्ह्यू वाचा. फॉरेन कीसाठी ‘पीजी_कन्स्ट्रेंट’मध्ये दोन्ही टेबलांचे स्कीमा ताडा, आणि पब्लिकमधली मुद्दाम सामाईक ठेवलेली टेबलं सोडून जिथे ते वेगळे दिसतील तिथे थांबा.

मायग्रेशन

कोणत्या स्कीमात कोणती आवृत्ती आहे हे प्रत्येक स्कीमातल्या आवृत्ती-टेबलवरून एका यादीत काढा. एखादा मागे राहिलेला असेल तर त्याच्या ‘कॉलम डज नॉट एक्झिस्ट’चं कारण तेच. सगळे ग्राहक एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घेऊ नका. एक ग्राहक, एक ट्रान्झॅक्शन. ‘लॉक_टाइमआउट’ ५ सेकंद लावा, म्हणजे एखादा मोठा रिपोर्ट चालू असताना मायग्रेशन सगळ्यांना रांगेत उभं करणार नाही. वेळही इथली बघून निवडा: कापसाच्या हंगामात जिनिंग रात्रीही चालतात, ‘रात्री कोणी नसतं’ हे तेव्हा खरं नसतं.

‘आउट ऑफ शेअर्ड मेमरी’ ही एरर रॅम कमी पडल्याची नसते. लॉकच्या टेबलात जागा साधारण ‘मॅक्स_लॉक्स_पर_ट्रान्झॅक्शन’ गुणिले कनेक्शनांच्या मर्यादेएवढी असते: मूळ मांडणीत ६४ गुणिले १००, म्हणजे ६४००. शंभर ग्राहक आणि प्रत्येकी ८० टेबलं म्हणजे ८०००. पूर्ण डेटाबेसचा पीजी_डंप प्रत्येक टेबलावर लॉक घेतो, म्हणून बॅकअप मध्येच पडतो. स्कीमानिहाय डंप घ्या किंवा ती मर्यादा २५६ करा, त्यासाठी रीस्टार्ट लागतो. बॅकअप पडतोय हे कळण्यासाठी स्क्रिप्टचा एक्झिट कोड तपासून मेसेज जायला हवा.

चूक झाली तर एरर यावी, दुसऱ्याचा डेटा नको

दोष सापडो न सापडो, एवढं करून ठेवा. अ‍ॅपच्या लॉगिन रोलचा मूळ सर्च पाथ रिकामा ठेवा. ग्राहकांच्या स्कीमांत असलेल्या टेबलांच्या नावाचं एकही टेबल पब्लिकमध्ये ठेवू नका. प्रत्येक ग्राहकाला स्वतःचा रोल, त्याला फक्त स्वतःच्या स्कीमावर ‘यूसेज’, आणि लॉगिन रोलला स्वतःचे काहीच हक्क नाहीत. ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीला ‘सेट लोकल रोल’ आणि सर्च पाथ, दोन्ही एकाच फंक्शनमधून. दोघांचा मेळ बसला नाही तर पोस्टग्रेस ‘रिलेशन डज नॉट एक्झिस्ट’ म्हणेल. ग्राहकाचा फोन येईल, पण त्याला शेजाऱ्याचा भाव दिसलेला नसेल.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

एका ग्राहकाच्या नोंदी दुसऱ्याच्या स्कीमात लिहिल्या गेल्या असतील, नुसत्या दिसल्या नसतील, तर हाताने डिलीट किंवा हलवाहलव करू नका. दोन्हीकडे आयडी सारखे असतात, एक चुकीचा अपडेट जमा-खर्च दोघांचाही बिघडवतो. लिहिणं थांबवा, दोन्ही स्कीमांचा डंप घ्या, डब्ल्यूएएल आर्काइव्ह (पोस्टग्रेसने ठेवलेली प्रत्येक बदलाची नोंद) असेल तर तो पुसला जाणार नाही याची खात्री करा आणि अनुभवी पोस्टग्रेस डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्या तज्ज्ञाला) बोलवा. बिलं जीएसटी रिटर्नमध्ये गेली असतील तर ग्राहकाच्या सीएला त्याच दिवशी कळवा.

कॅटलॉगच्या टेबलांत थेट बदल करावासा वाटला, ‘कॅश लुकअप फेल्ड’ किंवा ‘इनव्हॅलिड पेज’ अशी एरर दिसली, किंवा स्कीमांची संख्या हजारांत जाऊन कनेक्शनागणिक मेमरी फुगत असेल, तर हा विषय या तपासण्यांच्या पलीकडचा आहे.

डेटा बाहेरच्या माणसाला दिसला असेल तर कायद्याची बाजूही आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार डेटा लीकची माहिती लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते, आणि वैयक्तिक माहितीसाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. काय कळवायचं हे वकिलाला विचारून ठरवा, पण वकील शोधण्यात ते सहा तास घालवू नका.

डीबीएला फोन करताना हातात ठेवायचं: पोस्टग्रेसची आणि पीजीबाउन्सरची आवृत्ती, पूल मोड, स्कीमांची संख्या, चुकीच्या रिक्वेस्टची वेळ आणि बॅकएंड पीआयडी, ‘करंट_स्कीमाज’चं उत्तर, आणि शेवटचं मायग्रेशन कधी चालवलं ती तारीख.